माळ्यावरचा डबा

रविवार. माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. आत बिगफन च्युइंगगमची क्रिकेट कार्डं, पार्क स्टेडियमबाहेर अदलाबदल करून जमवलेली. कडा कुरतडल्यात. त्यांच्यावर आता लेकीने छापून दिलेली दोन अमेरिकी बेसबॉल कार्डं ठेवली: विल्यम हॉय आणि ल्यूथर टेलर. मूळ कार्डं सिगारेटच्या पाकिटातून निघायची (आमचं गमच बरं!). दोघेही कर्णबधिर. 1889 मध्ये हॉयने एकाच सामन्यात आउटफिल्डमधून फेकी करून तिघांना होम प्लेटवर बाद केलं होतं. तरी नाव पडलं 'डमी', म्हणजे मुका.

आमच्या गल्लीत तरी वेगळं काय होतं? फिल्डिंगला 'मुक्या' आधी हवा असायचा. त्याचं खरं नाव मी कधी विचारलंच नाही.