मोगऱ्यातला इंडोल

दोस्तहो, "तुमच्या वस्तीला वास येतो" हे तुम्हीही ऐकलंय, मीही. गिरणीत डबा उघडला की अजून कुणीतरी नाक आखडतं, सरकून बसतं. म्हणून मी वासाचाच अभ्यास काढला. पाळी सुटली की रसायनाची जुनी पुस्तकं. कळलं ते सांगतो.

इंडोल नावाचं एक द्रव्य आहे. कार्बनचे ८ अणू, हायड्रोजनचे ७, नायट्रोजनचा १. बायर या जर्मन शास्त्रज्ञानं १८६६ साली ते प्रयोगशाळेत मिळवलं. तो निळीवर काम करत होता. इंडिगोवरनंच हे नाव पडलं. हा इंडोल माणसाच्या मैल्यात असतो. आणि तोच मोगऱ्यात, जाईतही असतो. जास्त झाला तर घाण, इवलासा असला तर फूल.

अत्तरवाल्यांना हे पक्कं ठाऊक. आता इंडोल कारखान्यात बनतो. नकली मोगऱ्यात बेन्झाइल ॲसिटेट घालतात, पण नुसत्या त्यानं वास गोडमिट्ट लागतो, जिवंत वाटत नाय. मग इंडोलचा अंश पडतो, तेव्हा कुठं मोगरा फुलतो.

मैल्यात तो येतो कुठून? आतड्यातले जंतू ट्रिप्टोफॅन फोडतात, हा प्रथिनांचाच एक घटक, त्यातून. मनुस्मृती वाचणाऱ्याच्या पोटात होतो तसाच माझ्या. इंडोलला जात नाय. जात आहे ती मैला कुणी उचलायचा ते ठरवण्यात.

याच चाळीसगावात १९२९ साली टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. विलायतेत शिकलेला बॅरिस्टर. त्यांच्या अंगाला कसला वास होता? विटाळ आधी ठरतो, नाक नंतर साक्षीला येतं.

हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा. तरी आपला माणूस गटारात उतरतोच आहे. तिथं हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास. हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या वर गेला की नाकच बधिर होतं. वास थांबतो. उतरलेल्याला वाटतं, वायू गेला. आणि मग तोच जातो.

तेव्हा वासावरनं कुणी बोललं तर मान खाली घालू नका. गजऱ्यातला इंडोल त्याला समजावून सांगा. आणि वस्तीतला कुणी गटारात उतरायला निघाला तर त्याला अडवा. कुणी पाठवलं, कुणाच्या हुकमानं, ते नाव लिहून घ्या.