वाडा कोण पाडतं?

जुलै २०१९, शनिवार सकाळ. शुक्रवारी रात्री अडीचपर्यंत रिलीजचा गोंधळ चालला होता, त्यामुळे आता दुपारी जेवायलाच उठायचं असा बेत होता. साडेआठला बाबांचा फोन. "वाड्याला नोटीस लागलीय. दिंडी दरवाज्यावर चिकटवून गेलेत. येतोस?"

बाबा कधी 'येतोस?' असं विचारत नाहीत, 'ये' म्हणतात. तसाच उठलो आणि बाइक काढली.

वाडा नारायण पेठेत. 'आमचा' म्हणायचा एवढंच, कारण मी तिथे नऊ वर्षांचा होईपर्यंतच राहिलो. नंतर कोथरूड, दुसरा मजला, पार्किंग वगैरे. पण 'मूळचे कुठले?' असं कोणी विचारलं की अजून तोंडातून नारायण पेठच येतं. सोय कोथरूडची घ्यायची आणि मिरवायचं पेठेचं, हा आम्हा अर्ध्या पुण्याचा धंदा आहे :)

नोटिशीत लिहिलं होतं की इमारत सी-१ वर्गात मोडते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: धोकादायक इमारतींचे वर्ग करतात. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी, सी-२बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती, सी-२ए म्हणजे माणसं बाहेर काढून दुरुस्ती आणि सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. आपल्याकडे बगची सिव्हिअरिटी असते तसंच. फक्त इथे 'नॉट रिप्रोड्युसिबल' लिहून क्लोज करता येत नाही.

थोडं वाड्याबद्दल. दोन चौकी वाडा. पुढचा चौक जुना. दगडी जोतं, सागवानी खांब, खाली विटांच्या भिंती, वर पांढऱ्या मातीच्या, आणि डोक्यावर कौलं. आजोबा छातीठोकपणे सांगायचे की वाडा पेशवाईतला. (पुण्यातला प्रत्येक वाडा पेशवाईतलाच असतो.) कागद काढले तेव्हा सगळ्यात जुना निघाला तो १८७१ चं खरेदीखत. हेही काही कमी नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मागच्या चौकाच्या भिंती बसल्या आणि नंतर मिळेल त्या सामानाने घाईघाईत पुन्हा उभ्या केल्या. पाणी कुठवर आलं होतं तिथे आजीने पुढच्या चौकातल्या एका खांबावर खिळा ठोकून ठेवलाय. लहानपणी माझी उंची त्या खिळ्याशी मोजायचे. मी अजूनही त्याच्या खालीच आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे ओसरीवर जमले. थोरले काका, आत्या, दोन चुलतभाऊ, आणि न्यू जर्सीचा तिसरा फोनवर. वाडा वाचलाच पाहिजे यावर एकमत व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून तिनेच विचारलं, "पण राहायला येणार कोण?"

सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. मीसुद्धा.

काका म्हणाले, "एक बिल्डर विचारतोय. प्रत्येकाला टू बीएचके देतो म्हणतो." चुलतभाऊ उसळला, "काका, आजोबांचा वाडा आहे हा!" काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही गणपतीत फोटो काढायला येता. मी चाळीस वर्षं वर चढून कौलं चाळलीयेत. आता गुडघे नाहीत माझ्याकडे."

त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की शत्रू शोधायचा असतो. तो आम्हाला लगेच सापडला: मागच्या चौकातली पाच भाडेकरू बिऱ्हाडं. नाममात्र भाड्यात राहतात, सोडत नाहीत, म्हणून वाड्याची ही दशा!

मी सवयीने हिशोब मांडायला बसलो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवलं होतं. ही तरतूद आता अवाजवी झाली आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं. मग ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. ऐकायला बरं वाटतं ना? आमच्याकडे एका खोलीचं भाडं होतं ३८ रुपये. चक्रवाढीने धरलं तरी १९ वर्षांत त्याचे ८० होतात. पाच बिऱ्हाडं, बारा महिने, एकूण ४,८०० रुपये. एवढ्यात सुतार फार तर चार दिवस येईल.

हा कागद घेऊन मी मागच्या चौकातल्या आजींकडे गेलो. त्या १९५२ साली लग्न होऊन इथे आलेल्या. त्यांना पटवायचं, असा माझा आव. त्यांनी आधी खोबऱ्याची वडी हातावर ठेवली, मग कागद नीट वाचला.

"हिशोब बरोबर आहे रे बाळा. आता माझा ऐक. तुझ्या आजोबांनी आमच्यावरची कौलं शेवटची बदलली त्या वर्षी माझा धाकटा दहावीला होता. तो आता रिटायर व्हायला आलाय. तेव्हापासून ताडपत्री आम्हीच घालतो. मी म्हणायची, आपण पैसे घालून नीट करून घेऊ. तर हे म्हणायचे, घर त्यांचं, उद्या काढलं बाहेर तर पैसे पाण्यात."

"मग आजी, तुम्ही आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. तुझे आजोबा म्हणाले, भाडं किती देता?"

घरी येताना हेच डोक्यात घोळत राहिलं. मालकाने दुरुस्ती केली तर पैसे परत येत नाहीत. भाडेकरूने केली तर घर त्याचं होत नाही. प्रॉपर्टी कार्डावर आमची १७ नावं. त्यातल्या एकाने केली तर उरलेले सोळा जण फुकटात. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर, आणि पाऊस दरवर्षी येतोच. यात दुष्ट कोणीच नाही. बिल्डर तर सगळ्यात शेवटी येतो, तोवर निम्मं काम आपणच केलेलं असतं.

हे किती शब्दशः खरं आहे ते पुढच्या महिन्यात कळलं.

पहिला ऑडिट रिपोर्ट आम्ही पुन्हा तपासून घ्यायचं ठरवलं. त्यात रिबाउंड हॅमरचे आकडे होते. ती हातोडी काँक्रीटसाठी असते. लाकूड आणि मातीच्या वाड्यात तिचा उपयोग काय? मग जुन्या वास्तूंचं काम करणाऱ्या एक आर्किटेक्ट बाई आल्या. त्यांनी पिशवीतून एक साधा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि प्रत्येक खांब जोत्यापाशी टोचून पाहिला. पुढच्या चौकातले २४ खांब. पंधरा ठणठणीत. नऊ खांबांत स्क्रू ड्रायव्हर लोण्यात जावा तसा आत गेला. पण फक्त खालच्या दीड-दोन फुटांत. वर लाकूड लोखंडासारखं.

"इथे सिमेंटचा गिलावा कधी केलात?" बाईंनी विचारलं.

बाबा उत्साहाने म्हणाले, "१९९४ ला. माझ्या बोनसचे पैसे घातले होते. त्याआधी नुसता चुना होता, सारखा पडायचा."

बाईंनी समजावून सांगितलं. माती आणि चुन्याच्या भिंती ओल घेतात आणि पुन्हा सोडतात. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच राहते आणि शेजारच्या लाकडात शिरते. चुना पडायचा तो लाकडाच्या वाटचं स्वतः सोसून पडायचा.

बाबा काही बोलले नाहीत. जाताना त्या खांबावरून फक्त हात फिरवला. त्या बोनसमधून माझी सायकल येणार होती, हे मला पक्कं आठवतंय. सायकल पुढच्या वर्षावर गेली होती. वाड्यासाठी त्यांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट वाड्याला नडली होती.

मुलाने काय बोलावं अशा वेळी? मी म्हटलं, "बाबा, माझ्या कोडमध्येही असे फिक्स खूप आहेत." हसले थोडेसे.

पुढची चार वर्षं थोडक्यात सांगतो, कारण त्यात कागदांशिवाय काही नाही. १७ सह्या. न्यू जर्सीहून अपोस्टिल केलेलं मुखत्यारपत्र. मध्ये कोविड. दुसरा रिपोर्ट सादर केल्यावर पुढचा चौक सी-२ए मध्ये आला. मागच्या चौकाचं मात्र खरंच काही उरलं नव्हतं. हेरिटेज यादीचाही विचार केला होता. पण यादीतल्या तिसऱ्या श्रेणीत वास्तू कमकुवत असेल तर पुनर्बांधणीलाही वाव असतो. शिवाय यादी फार तर पाडणाऱ्याचा हात धरेल. कौलं चाळायला यादी येत नाही.

शेवटी असं ठरलं: मागचा चौक उतरवायचा, तिथे छोटी इमारत, त्यात पाचही भाडेकरूंना मालकीचे फ्लॅट, उरलेले बिल्डरचे. पुढचा चौक आमच्याकडे, आणि आमच्या वाट्याला आलेले पैसे त्याच्या दुरुस्तीला. काकांना टू बीएचके मिळाला असता, त्याऐवजी मिळाला एका वाड्याचा सतरावा हिस्सा. त्यांनी सही केली. "सगळ्यांचं एकमत आहे तर मी कशाला आड येऊ," एवढंच म्हणाले आणि त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरी आले नाहीत.

मागचा चौक उतरवत होते त्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसला गेलो. पाहवलं नसतं.

नऊ खांबांचे कुजलेले पाय कापून तिथे जुन्या सागाचे तुकडे सांधले. लाकूड भवानी पेठेतल्या लाकूड बाजारातून आणलं. दुकानदार म्हणाला, "हे पण वाड्याचंच आहे, साहेब." कुठल्या वाड्याचं ते विचारायचा धीर झाला नाही. सिमेंट खरवडून काढलं, पुन्हा चुना लावला. खिळ्याचा खांब ठणठणीत निघाला.

काम चालू असतानाच, डिसेंबर २०२३ मध्ये, बुधवार पेठेतला भिडेवाडा पाडला. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी जिथे मुलींची शाळा सुरू केली तो. खटला वर्षानुवर्षं चालला, नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात संपला, आणि मोडकळीला आलेली ती वास्तू स्मारकासाठी एका रात्रीत उतरवली. स्मारक व्हायलाच हवं. पण आधी कधीतरी कोणी तिथली कौलं चाळली असती तर... असो.

आता पुढच्या चौकात खाली एक ऑफिस आहे, वर संध्याकाळी तबल्याचा क्लास. त्यांच्या भाड्यातून वर्षाची डागडुजी निघते. दीडशे वर्षांत पहिल्यांदाच वाडा स्वतःचं औषधपाणी स्वतः करतोय. एवढं जमलं म्हणून तो उभा आहे. आमच्या प्रेमामुळे नाही. प्रेम काय, आधीही होतंच.

मागच्या इमारतीचा ताबा मिळाला तेव्हा आजी नव्हत्या. किल्ली त्यांच्या धाकट्याने घेतली. त्याने त्या दिवशी खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. विकतच्या होत्या.

गेल्या मेमध्ये कौलं चाळायला माणसं बोलावली होती. मी खाली उभा राहून सूचना देत होतो. तेवढ्यात दिंडी दरवाज्यातून काका आत आले, काठी टेकत. वर बघितलं आणि ओरडले, "अरे, वळचणीपासून सुरू करा, आढ्यापासून नाही! कौलं फुटतील!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला काही कळत नाही यातलं. पुढच्या वर्षी मला आधी फोन कर."

तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवलीय.