वहिवाटीचा दाखला

बिऱ्हाड हलवताना आपण जी फेरिस्त करतो, तीत पाट्या-वरवंट्यापासून देवापुढच्या समईपर्यंत साऱ्यांची नोंद असते. मांजर मात्र तीत नसते, कारण त्याने मागोमाग यावे आणि कोपरा पाहून बसावे, हे आपण गृहीतच धरलेले असते. जन्मतःच सात घरे फिरण्याचा लौकिक ज्याच्या नावे, त्याला स्थलांतराचे भय ते कसले? पण ते फिरणे आईच्या तोंडात मानगूट देऊन झालेले असते. वयात आलेले मांजर जगते ते स्वतःच्या गंधाने आखलेल्या हद्दीत. चौकटींना गाल घासून, कपाटाच्या कडेला अंग पुसून त्याने जुन्या वाड्यात केलेले सारे अदृश्य दस्तऐवज मालमोटार निघताच मागे राहतात, आणि ओल्या रंगाच्या वासाने कोंदलेल्या नव्या घरात ते बेदखल कुळासारखे उतरते.

आमची मनी उतरली ती थेट पलंगाखाली. “ओढू नका रे तिला, येईल आपली आपण,” असे आईने बजावले, आणि तीच एक खोली मनीला तोडून देऊन तिथे पाणी, मातीचे घमेले आणि न धुतलेली जुनी गोधडी ठेवली. मऊ फडके मनीच्या गालांवरून फिरवून तेच खुर्च्या-मेजांच्या पायांना पुसण्याची तिची युक्ती मला तेव्हा हास्यास्पद वाटली, तरी तिच्यात शास्त्र होते. काळजी एवढीच घ्यावयाची, की मांजराने दिवसभरात अन्नाला तोंडच लावले नाही तर पशुवैद्य गाठावा. उपासाने, विशेषतः गुबगुबीत मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते जिवावर बेतते. दोनतीन आठवडे दाराबाहेरही सोडू नये, नाहीतर ते जुन्या घराची वाट धरते.

मनी बाहेर आली, आणि पुढचे पाय ताणून तिने नव्या आरामखुर्चीचे कापड उभे फाडले. घरात हाहाकार झाला. वास्तविक मांजराच्या पंजाच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. ओरखडा डोळ्यांना दिसतो, वास नाकाला कळतो, आणि दोहोंनी मिळून कबजाची नोंद पुरी होते. त्याच कामी नखांची जुनी, पातळ, बाकदार टरफलेही गळतात. ती मला सतरंजीवर सापडत. ज्याला हे ठाऊक नाही तो मांजराला रागे भरतो, आणि भेदरलेले मांजर अधिकच ओरबाडते. काही देशांत तर नखांसकट बोटांची शेवटची हाडेच कापून टाकण्याची रीत पडली. खुर्चीच्या कापडापायी केलेल्या या अंगच्छेदाला पुष्कळ ठिकाणी कायद्याने मनाई झाली, हे योग्यच झाले.

आम्ही सुताराकडून तीनेक फुटांचा, जड बैठकीचा खांब करवला आणि त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली. मांजराला पुरते ताणून उभे राहता यावे आणि खांब डुगडुगू नये, या दोन अटी महत्त्वाच्या. तिसरी अशी, की तो गच्चीत न दडवता त्या खुर्चीशेजारीच मांडावा. मनीने तो पत्करला, पण खुर्चीच्या डाव्या हातावरचा हक्क काही सोडला नाही. शेवटी तेवढा भाग आम्ही तिला इनाम देऊन टाकला, आणि पाहुणे आले की त्यांना उजवीकडच्या कोचावर बसवतो.