पातळ शंखाचे ओले महिने

वैनगंगेच्या पूर्वतीरावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हा धानाच्या बांध्या, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि साग-बांबूच्या जंगलाचा परिसर असून त्याचे वर्ष पावसाळ्याचे चार महिने आणि उरलेले कोरडे आठ महिने अशा विषम भागांत वाटले गेले आहे. ही वाटणी जमिनीवरच्या गोगलगायीइतक्या काटेकोरपणे क्वचितच कुणी पाळत असेल. मॅक्रोक्लॅमिस ही उष्ण कटिबंधातील गोगलगायींची एक प्रजाती, म्हणजे निकट नात्याच्या अनेक जातींचा समूह, आणि तिच्यातील मॅक्रोक्लॅमिस इंडिका ही जाती भारताच्या बऱ्याच भागांत आढळते. तिचा शंख चपटा, पातळ, मधाळ रंगाचा आणि तुकतुकीत असतो. ही तकाकी राखण्याचे काम प्रावार, म्हणजे शंख घडवणारी मऊ त्वचा, करते, कारण तिच्या पाळ्या बाहेर पसरून शंखावरून फिरत राहतात. या जातीचे वर्णन १८८३ साली गॉडविन-ऑस्टिन यांनी केले. के-टू शिखराला ज्यांचे नाव दिले गेले तेच हे सर्वेक्षक. हिमशिखरे मोजणाऱ्या माणसाने या बोटभरही नसलेल्या जिवांचे विच्छेदन करत बसावे, हे त्यांच्या चिकाटीला शोभणारेच होते.

पाण्यातील नातलगांचे कल्ले हिला नाहीत. प्रावाराखालच्या पोकळीत रक्तवाहिन्यांचे जाळे पसरून तिचेच फुप्फुस झाले आहे आणि उजव्या अंगाचे एक छिद्र उघडून-मिटून हवा घेते. मात्र प्रत्येक उघडझापीत ओलावा निसटतो, आणि चालायचे तर वाटेवर चिकट स्राव सांडावा लागतो. तिच्या संथपणाची थट्टा करणारे हा खर्च लक्षात घेत नाहीत. म्हणून पावसाळ्यातील धानरोवणीच्या दिवसांतच तिचे खाणे, वाढणे आणि ओल्या मातीत अंडी घालणे उरकते. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असल्याने भेटलेला कुणीही जोडीदार चालतो.

दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके वडशाच्या रात्री जागवू लागतात, त्या सुमारास ही मात्र पाचोळ्याखाली शिरते, शंखाच्या तोंडावर वाळलेल्या स्रावाचा पडदा लावते, शरीरव्यापार मंदावते आणि पाणी वाचावे म्हणून त्याज्य द्रव्य युरिक आम्लाच्या घन रूपात साठवते. हा पडदा कोरडेपणा अडवतो, धग अडवत नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो तेव्हा तिला पळताही येत नाही. मोह हे इथल्या अनेक घरांचे उन्हाळ्यातले उत्पन्न असल्याने वेचणाऱ्यांना दोष देणे योग्य नाही. मात्र झाडाखाली जाळी बांधली तर जाळ न करताही फुले गोळा होतात.