काच फुटली, बोट कोणाकडे?

आपल्या वस्त्यांत आता चारचाकी गाड्या आल्या आहेत. मिरवायला नव्हे, पोट भरायला. कुणाचा मुलगा टेम्पो चालवतो, कुणाचा पुतण्या शाळेची गाडी, कुणाचा जावई टॅक्सी. कर्ज काढून घेतलेली ती गाडी म्हणजे घरातला एक कमावता माणूसच असतो. तो एक दिवस घरी बसला तरी बँकेचा हप्ता बसत नाही. म्हणूनच बंगल्यात राहणाऱ्याला जी गोष्ट किरकोळ वाटेल, ती आपल्या घरी मोठी होते. गाडीच्या मागच्या दाराची काच फुटणे ही अशीच एक गोष्ट. शिवाय नुकसान झाले की माणूस आधी गुन्हेगार शोधतो आणि कारण नंतर. गेल्या वर्षी या दोन्ही गोष्टी आमच्या नात्यातच घडल्या. त्यातून जे कळले ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहिणे.

आमचा भाचा, थोरल्या ताईचा मुलगा, विक्रोळीला राहतो आणि टुरिस्ट टॅक्सी चालवतो. पावसाळा नुकताच सरला होता. रात्रभर गाडी चालवून तो पहाटे आला, मैदानाच्या कडेला गाडी उभी केली आणि घरी जाऊन झोपला. दुपारी बाराला खाली उतरतो तो काय, मैदानाच्या बाजूच्या मागच्या दाराला काचच नाही. सीटवर, पायाखालच्या मॅटवर, रस्त्यावर खडीसाखरेसारखे तुकडे पसरलेले. आतली वस्तू मात्र एकही गेली नव्हती. मोबाइलचा चार्जर आणि टोलसाठी ठेवलेली चिल्लर जिथल्या तिथे होती.

बघ्यांची गर्दी जमायला आपल्याकडे वेळ लागत नाही. कुणीतरी म्हणाले, भंगार वेचणाऱ्या बाईचा पोरगा सकाळी इथेच हिंडत होता. दुसरा म्हणाला, त्याच्या हातात दगड पाहिला. ‘तुम्ही स्वतः पाहिला का?’ असे विचारल्यावर तोच गृहस्थ ‘मी नाही, कुणीतरी पाहिला’ म्हणू लागला. पण तोवर वसाहतीत निकाल लागून गेला होता. मुलगा अवघा बारा वर्षांचा. संध्याकाळी त्याची आई ताईच्या दारात आली. शंभराच्या पाच नोटा पुढे ठेवून म्हणाली, “अक्का, पोरगं नाही म्हणतंय. पण पोलिसात नका देऊ त्याला.” ताईचा हात काही पुढे होईना. भाच्याने मात्र नोटा उचलून कपाटात ठेवल्या. दिवसभराचा धंदा बुडाल्याने तो चिडलेला होता.

आम्ही कचेरी सुटल्यावर परस्पर तिकडे गेलो. हकीकत ऐकून एवढेच म्हणालो, “त्या पैशांना हात लावू नकोस. आधी काच पाहू, मग माणूस पाहू.” बिल जोडल्याशिवाय व्हाउचर पुढे सरकवायचे नाही, ही आमची इतक्या वर्षांच्या कारकुनीची सवय. भाचा वैतागून म्हणाला, “मामा, तुम्हाला कागद लागतो. मला उद्या गाडी लागते.” त्याचेही खोटे नव्हते. म्हणून दोन्ही कामे बरोबरच करायची ठरवली.

रात्री पहिल्यांदा गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले. झाडलोट करण्याआधी फोटो काढणे महत्त्वाचे, कारण एकदा तुकडे गोळा केले की झाल्या प्रकाराची खूण उरत नाही. मग जाड हातमोजे घालून सीटवरचे तुकडे उचलले. दार आपटायचे नाही आणि काचेचा हँडल फिरवायचा नाही, कारण आत पडलेले तुकडे यंत्रात अडकतात. उघड्या जागेवर बाहेरून जाड प्लास्टिक ताणून चिकटपट्टीने बसवले. परतीचा पाऊस कधी येईल याचा नेम नव्हता.

त्यानंतर विम्याचा कागद काढला. इथे आमचे बी.कॉम. उपयोगी पडले. फक्त ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या काचेचा एक पैसाही मिळत नाही. भाच्याचा विमा पूर्ण होता. पूर्ण विम्यात प्लास्टिक-रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, काचेवर मात्र घसारा नसतो. हे ऐकून भाचा खूश झाला. पण हिशेब तिथे संपत नाही. दावा न करता वर्ष गेले की हप्त्यात सूट मिळते, तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढते. एक दावा केला की पुन्हा शून्यावर. भाच्याला तीन वर्षांची ३५ टक्के सूट मिळत होती, आता ४५ मिळणार होती. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीचा त्याचा मूळ हप्ता ८,००० रुपये. तेवढाच कायम धरला, तर दावा केल्यावर येत्या वर्षी ३,६००, दुसऱ्या वर्षी २,४०० आणि तिसऱ्या वर्षी २,००० रुपये जादा भरावे लागले असते. म्हणजे दोन हजारांच्या काचेसाठी तीन वर्षांत आठ हजारांचा भुर्दंड! जादा हप्ता भरून हा बोनस राखण्याची सोय काही पॉलिसींत असते, ती त्याच्याकडे नव्हती. दावा न करणेच शहाणपणाचे ठरले.

यात आणखी एक बाब होती. दाव्याच्या अर्जात नुकसान कसे झाले ते लिहावे लागते. शेजारच्या एका जाणत्या माणसाने सल्ला दिला, “त्या पोराचे नाव टाका आणि पोलिसात तक्रार द्या, काम सोपे होईल.” आम्ही स्पष्ट सांगितले की जे आपल्याला ठाऊक नाही ते कागदावर लिहायचे नाही. तोंडाने बोललेले लोक विसरतात, पण कागदावर चढलेले नाव सहजी उतरत नाही. गरिबाच्या पोराचे तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून भाच्याबरोबर कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांची तिथे दुकानेच दुकाने आहेत. वाटेत भाचा म्हणाला, “मामा, साधी काच मापाने कापून बसवली तर?” ते होत नाही, आणि का होत नाही हे काच बसवणाऱ्या चाचांनी आम्हांला समजावले.

गाडीच्या समोरची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. ती तडकते, पण जागेवर राहते. बाजूची काच बहुधा वेगळी असते. ती आधी हव्या त्या आकारात कापून घेतात, सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे तिचा वरचा थर कायम दाबाखाली राहतो आणि आतला भाग ताणाखाली. म्हणून ती साध्या काचेपेक्षा बळकट असते. पण एका टोकदार वस्तूने तो वरचा थर भेदला की सगळी काच एकदम फुटते आणि तिचे बोथट, बारीक तुकडे होतात. माणसाच्या गळ्यात सुरीसारखे पाते घुसू नये, यासाठीच ही योजना. अशी काच नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. म्हणून त्याच मॉडेलची, त्याच दाराची आणि त्याच बाजूची काच मिळवावी लागते.

मागच्या काचेचे दोन प्रकार असतात, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या चार दारांच्या गाडीत ती दारात खाली-वर होते. कूपे म्हणतात त्या दोन दारांच्या गाडीत मागे दारच नसते, त्यामुळे तिथली बाजूची काच बहुधा कायमची बसवलेली असते. ती रबराने किंवा चिकट मसाल्याने पत्र्याला धरलेली असते. मसाल्याची काच बदलायची तर जुना मसाला कापून काढावा लागतो आणि नवा घट्ट होईपर्यंत गाडी हलवायची नसते.

भंगारातल्या गाडीची काच निम्म्या भावात मिळत होती, पण तिच्या कडेला टवका उडालेला होता. चाचा म्हणाले, “ही घेऊ नका. कड दुखावलेली काच केव्हा दगा देईल सांगता येत नाही.” शेवटी नवी घेतली. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि ‘आयएस २५५३’ हा सुरक्षा काचेचा क्रमांक आहे ना, ते पाहून घेतले. दुकानदाराने काळपट काच दाखवली, ती नाकारली. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे.

मग काम सुरू झाले. चाचांनी काच फिरवायच्या हँडलमागे फडके घालून ते दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढले, तशी आतली क्लिप टपकन सुटली. हँडल निघाला. स्क्रू काढले, दाराचे आतले पॅनेल हलक्या हाताने उचकटले. त्यामागे चिकटवलेले प्लास्टिक न फाडता सोडवले. ते परत नीट लावावेच लागते, नाहीतर पावसाचे पाणी गाडीत येते. दाराच्या तळाशी ओंजळभर तुकडे साचले होते. चाचा म्हणाले, “काही कारागीर हे तसेच ठेवतात. मग पाणी जाण्याची भोकं बुजतात, दार आतून गंजतं आणि गाडी खडखड वाजते.” त्यांनी तुकडे हाताने वेचून एका वर्तमानपत्रावर ओतले.

त्या तुकड्यांत एक काळा खडा होता, चिंचोक्याएवढा. चाचांनी तो उचलून पाहिला, मग दाराच्या बाहेरच्या रबरपट्टीत बोट फिरवले. तिथे गवताचा बारीक चुरा दाबून बसलेला होता. तसाच चुरा दाराच्या खालच्या पत्र्यावरही चिकटलेला होता. त्यांनी विचारले, “गाडी उभी होती तिथे गवत कापत होते काय?”

भाच्याने ताईला फोन लावला. होय, त्याच सकाळी कंत्राटदाराची माणसे मैदानात यंत्राने गवत कापत होती. नायलॉनची दोरी गरगर फिरवणारे ते यंत्र. गवतात दडलेला खडा त्या दोरीला लागला की गोफणीतून सुटावा तसा उडतो. चाचांनी अशा काचा पुष्कळ बसवल्या होत्या. आमचे फोटो मोठे करून पाहिले, तर मैदानाच्या बाजूचे चाक आणि दार गवताच्या चुऱ्याने हिरवे झालेले स्पष्ट दिसत होते.

भाचा बराच वेळ गप्प होता. काच चौकटीत वरून तिरपी सोडली, खालच्या पट्टीत बसवली, दोनदा खाली-वर करून पाहिली आणि मग बोल्ट आवळले. काचेचे १,५००, मजुरीचे ५०० आणि रबरपट्टीचे १००, असे २,१०० रुपये झाले. गाडी घरी आल्यावर भाच्याने कपाटातल्या त्या पाच नोटा घेतल्या आणि स्वतःच्या पायांनी त्या बाईच्या झोपडीकडे गेला. आम्ही बरोबर गेलो नाही. ते त्याचे त्यानेच करायचे काम होते. परत आल्यावर त्याने सांगितले, “मामा, त्या मावशीने चारशे रुपये उसने आणले होते. आधी कुणाचे किती ते बोटांवर मोजलं, मगच पैसे घेतले.” मुलगा मात्र त्याच्यासमोर आला नाही.

राहिला प्रश्न नुकसानीचा. यंत्र चालवणारा गडी रोजंदारीवरचा. त्याला ना जाळी दिली होती, ना मास्क. त्याच्या मजुरीतून पैसे कापून घेणे म्हणजे एका गरिबाऐवजी दुसऱ्याला धरणे. आम्ही फोटो जोडून कंत्राटदाराला आणि संबंधित कार्यालयाला रीतसर अर्ज दिला, त्याची पोच घेतली. भरपाई मिळाली नाही. पण पुढच्या कापणीच्या वेळी आदल्या दिवशी गाड्या हलवण्याची सूचना लागली आणि माणसे हिरवी जाळी धरून उभी होती. अर्ज फुकट गेला नाही एवढे समाधान.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काच फुटली की झाडण्याआधी फोटो काढा. दावा करण्याआधी बोनसचा हिशेब मांडा. नवी काच बसवताना दाराचा तळ समोर साफ करून घ्या. आणि कुणी काही म्हणाले म्हणून कुणाच्या मुलाकडे बोट दाखवू नका. काचेचे २,१०० रुपये भाच्याने दोन-तीन दिवसांत कमावले. तो मुलगा मात्र त्यानंतर कितीतरी दिवस मैदानाला वळसा घालून जात असे. त्याच्या मनाला गेलेला तडा कोणत्या बाजारात भरून मिळणार? वसाहतीत ज्यांनी ज्यांनी त्याचे नाव घेतले होते, त्यांतल्या एकानेही आजवर त्याला हाक मारून ‘बाळ, तू नव्हतास’ असे म्हटलेले नाही. ते म्हणायला पैसे पडत नाहीत.