मसूरची कळशी

आमच्या भाचीचा मंगल परिणय सांगलीला होता. साताऱ्याहून वऱ्हाड निघाले, ते आधी प्रतापसिंह हायस्कूलपाशी थांबले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब याच शाळेत दाखल झाले. पुढे टेम्पो वाट वाकडी करून मसूर स्टेशनला नेला.

१९०१ साली बाल भीमराव भावंडांसह वडिलांकडे कोरेगावला जाताना इथे उतरले होते. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, बैल मुलांनीच हाकायचे, या अटीवर एकजण कबूल झाला. शिदोरी जवळ होती, पण पिण्याजोगे पाणी मिळाले नाही, म्हणून पोरे रात्रभर उपाशी राहिली.

आम्ही गावात कळशी भरून घेतली. हे ऐकून मंडपात आत्याबाई कडाडल्या, "तीर्थ म्हणून थेंब थेंब वाटणार असाल तर मी उठून जाईन! बावीस प्रतिज्ञा विसरलात काय?"

त्यांचे खरेच होते. आम्ही वरमलो.

मग कळशी मंडपाच्या दारातल्या पिंपात ओतली. त्रिसरण-पंचशील झाल्यावर बौद्धाचार्यांनी मसूरची हकीकत सांगितली आणि वधूवर शुभ्र वस्त्रांतच पिंपापाशी उभे राहिले. बँडवाले, आचारी, टेम्पोचा ड्रायव्हर, शेजारच्या आळीतले पाहुणे, सगळ्यांना त्यांनी स्वहस्ते पाणी दिले.

पहिला पेला आत्याबाईंनीच मागून घेतला.