बिट्टूचा रंग

आमचा बिट्टू शित्झू जातीचा. आता सात वर्षांचा आहे. त्याच्या पहिल्या दीड वर्षात त्याच्या रंगावरून घरात जेवढी डोकेफोड झाली, तेवढी भिंतींच्या रंगावरूनही कधी झाली नव्हती. लहान जातीचं पिल्लू आणायचं कुणाच्या मनात असेल, तर आमचं काय झालं ते ऐकून ठेवा.

पिल्लू कोल्हापुरातच ओळखीच्या घरातून घेतलं. दोन महिने पूर्ण झाल्याशिवाय देणार नाही, असं त्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. ते बरोबरच होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. माझ्या मुलीने सगळ्यांत काळं पिल्लू निवडलं. पाठ आणि कान जवळजवळ काळे, छाती आणि पंजे पांढरे. पिल्लांची आई मात्र सायीच्या रंगाची होती. बाई म्हणाल्या, "रंग उघडतोय हं वहिनी यांचा मोठेपणी. हीपण लहानपणी अशीच काळी होती." आम्ही मान डोलावली आणि पिल्लू घेऊन आलो. काळं आहे म्हणूनच तर निवडलं होतं.

पाच-सहा महिन्यांचा झाला तेव्हा मानेखाली आणि कानांमागे तपकिरी केस दिसायला लागले. मग पाठीवरचा काळा रंगही विटल्यासारखा झाला. आमच्या सासूबाईंचं निदान तयार होतं, "पोटाला कमी पडतंय लेकराला." दूध-चपाती वाढली. शेजारच्या काकूंनी खोबरेल तेल सांगितलं. प्राण्यांच्या दुकानात एक महागडी बाटली मिळाली, तिने म्हणे काळा रंग टिकतो. एका नातेवाइकांनी तर फोनवर मेंदी सुचवली. मेंदीला मी ठाम नकार दिला. तेल मात्र सासूबाईंच्या हातून रोज लागत राहिलं.

त्या तेलाने रंगाचं काही झालं नाही, केसांचं झालं. त्यावर धूळ बसली. कानांमागे आणि पुढच्या पायांच्या बगलेत अशी जट झाली की कंगवा शिरेना. शित्झूचे केस माणसासारखे वाढत राहतात, रोज विंचरले नाहीत तर तेलाशिवायही गुंततात. ग्रूमिंगवाल्या मुलाने हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "सुटायची नाही ही. ओढली तर कातडी दुखेल. सगळंच बारीक करू या."

संध्याकाळी त्याच्याकडून जे कुत्रं घरी आलं ते फिक्या सायीच्या रंगाचं होतं. कानांच्या टोकांवर तेवढा काळा रंग उरला होता. मुलगी रडायलाच लागली, हा आपला बिट्टू नाही म्हणून. हे तसेच उलट पावली दुकानात गेले आणि "आमचं कुत्रं कुठाय?" असं विचारून आले. त्या मुलाचं मला कौतुक वाटतं. तो चिडला नाही. केराच्या डब्यातून केसांचा एक झुबका काढून त्याने यांच्या हातावर ठेवला. प्रत्येक केस टोकाला काळा आणि मुळाकडे फिका होता. पोटावरचा लहानसा ठिपकाही जागच्या जागी होता. बिट्टू आमचाच होता. तरी काही दिवस त्याला उचलून घेताना मला परकं वाटायचं. तो नेहमीसारखाच माझ्या चपला घेऊन पळत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी केस दोन्हीकडे सारून आधी कातडी पाहिली. लाली नाही, खवडे नाहीत, कुठे टक्कल नाही, खाजही नाही. मग समजावून सांगितलं. केसात दोन प्रकारची रंगद्रव्यं असतात, एक काळं-तपकिरी आणि एक पिवळं-तांबूस. बिट्टूसारख्या पिल्लांत केस उगवताना टोकाला काळं भरलेलं असतं. वय वाढतं तसं ते कमी होत जातं आणि मुळाशी फिका रंग येतो. याला सेबल म्हणतात. केस कापले की काळी टोकं जातात आणि खालचा रंग एकदम उघडा पडतो. म्हणजे रंग महिनोन् महिने बदलतच होता, आम्हाला तो एका संध्याकाळी दिसला.

हे आई-बापाकडूनच येतं. यॉर्कशायर टेरियरची पिल्लं काळी-तपकिरी जन्मतात आणि मोठेपणी त्यांची पाठ पोलादी निळसर होते. काही काळे पूडल वर्ष-दोन वर्षांत राखाडी होतात. डाल्मेशियनचं पिल्लू तर पांढरंच जन्मतं, ठिपके मागून येतात. डॉक्टर म्हणाले, "पिल्लाच्या पाठीवर फुंकर मारा आणि मुळाशी बघा. तिथे जो रंग आहे, तो पुढे येणार."

बाटलीबद्दल विचारलं तर ते हसले. काळा रंग तयार व्हायला प्रथिनांतले काही घटक लागतात, ते फार कमी पडले तर काळे केस तांबूस दिसू शकतात, हे खरं आहे. पण फिका होणं ज्याच्या रक्तातच आहे, तो बाटलीने काळा होत नाही. दूध-चपाती मात्र त्यांनी कमी करायला लावली. सासूबाई त्यांच्यावर नाराज आहेत, अजून. रंग लावायचा विषयच नको म्हणाले. कुत्रं अंग चाटतं, आणि माणसांच्या केसांच्या रंगातली, काळ्या मेंदीतली रसायनं त्याच्या पोटात जातात.

सोबत कधी घाबरायचं तेही सांगितलं. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झाले, कुत्रं सुस्त झालं, वजन वाढलं, तर थायरॉइड तपासायचं. गोल चट्टे, कोंडा, वास आला तर बुरशी किंवा खरूज.

हे पावसाळ्यात कामी आलं. पुढच्या पंजांचे पांढरे केस विटकरी झाले तेव्हा घरात पुन्हा "रंग बदलतोय" सुरू झालं. हा प्रकार वेगळाच होता. लाळेत आणि अश्रूत एक लालसर द्रव्य असतं, सतत चाटलेल्या जागी त्याचा डाग बसतो. बिट्टू पंजे चाटत होता, कारण फिरून आल्यावर ते ओले राहत होते आणि बोटांच्या मधे बुरशी धरली होती. औषध लागलं. आता फिरून आलं की पंजे धुऊन कोरडे करतो. डोळ्यांखाली ओल्या कापडाने पुसतो आणि तिथले केस बारीक ठेवतो. नवे केस पांढरे आले.

आमचं ऐकून मागच्या गल्लीतल्या एकांनी उन्हाळ्यात पॉमेरेनियनचे केस मुळापासून काढले. तसं करू नका. त्या जातीला दुहेरी केस असतात. त्यांच्या कुत्र्याच्या पाठीवर कित्येक महिने केस आले नाहीत.

बिट्टू दीड वर्षाचा असताना दिवाळीत फटाक्यांना घाबरून फाटकातून निसटला. यांनी घाईघाईने ओळखीच्या सगळ्यांना फोटो पाठवला, तोही त्यांच्या फोनमधला आवडता, दोन महिन्यांच्या काळ्या पिल्लाचा. गल्लोगल्ली लोक काळं कुत्रं शोधत होते. बिट्टू कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली बसला होता. इस्त्रीवाल्या दादांनी फोटो पाहिलाही होता. "पण हे तर पांढरं कुत्रं," म्हणून त्यांनी निरोप दिला नाही. रात्री उशिरा मुलीने तिथून जाताना त्याचं भुंकणं ओळखलं. त्या रात्री मी जेवले नाही.

त्यानंतर त्याला मायक्रोचिप बसवून घेतली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली सुईने घालतात. तिच्यावरून कुत्रं कुठे आहे ते कळत नाही. स्कॅनर धरला की पंधरा अंकी क्रमांक दिसतो, एवढंच. म्हणून गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबरही कोरून घेतला. केस कापून आणले की त्याच दिवशी समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे, आणि यांच्या फोनमध्येही टाकायचे. कुत्रा पाळायच्या परवान्याच्या नूतनीकरणाला तेच फोटो लावतो.